मामंजींची सळई

लग्न होऊन पनवेलला आले त्या संध्याकाळी माझ्या मामंजींनी माझ्या माहेरच्या गादीत लोखंडी सळई खुपसली. मी नुकतीच माप ओलांडून आत येऊन बसले होते, डोक्यावरचा पदर सावरत होते, आणि समोर माझे सासरे, नाकावर चष्मा, बाह्या वर सारलेल्या, माझी नवी कोरी गादी चारही कोपऱ्यांत भोसकत होते. दरवेळी सळई बाहेर काढून टोकाकडे निरखून बघायचे, टोक बोटाने पुसायचे. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "राग मानू नकोस, सूनबाई. कापूस चांगला आहे. तुझ्या वडिलांना कुणी फसवलेलं नाही."

रडावं की हसावं ते कळेना, म्हणून मी उठून नमस्कार केला. पुढे त्या घरात मी बहुतेक वेळा हेच केलं.

मामंजी मीठ खात्यात दारोगा होते. पनवेलपासून उरणपर्यंतच्या मिठागरांवर त्यांची उभी हयात गेली. पोत्यात रेती आहे का, गवताच्या गाडीत मीठ आहे का, होडीच्या तळाशी काय आहे, हे सळई खुपसून बघायचं, हेच काम. नोकरी संपली तशी सळई त्यांच्याबरोबर घरी आली. ती खात्याची होती की त्यांची, हा एकच संशय त्यांनी कधी घेतला नाही. दाराशेजारच्या खिळ्याला ती टांगलेली असे. तांदळाचं पोतं आलं की सळई, गुळाची ढेप आली की सळई. दिवाळीला माझ्या आईने पाठवलेल्या लाडवांच्या डब्यातही ती एकदा जाऊन आली. आमच्या ह्यांनी लहानपणीच खोटं बोलणं सोडून दिलं होतं. स्वभाव सरळ म्हणून नव्हे, त्यात काही हशील नव्हतं म्हणून.

"मी संशय घेत नाही," मामंजी म्हणायचे, "मी खात्री करून घेतो." आणि दुसरं एक वाक्य, "रिकामं आहे असं जो न विचारता सांगतो, त्याचं आधी बघावं." हा स्वभाव लागट असतो. वर्षभरात मीही वांग्याची देठं उचलून बघू लागले, आणि दूधवाल्याने आपणहून हसून नमस्कार केला की दुधात बोट बुडवू लागले.

ती गोष्ट घडली ती ऐन वैशाखातली. सोन्यावर सरकारने निर्बंध घातले होते आणि उरणच्या बाजूला मचव्यांतून सोन्याची बिस्किटं उतरतात, अशी कुजबुज ज्याच्या त्याच्या तोंडी होती. अशा दिवसांत आमच्या शेजारच्या अब्बासभाईंच्या गॅरेजमध्ये एक परदेशी गाडी ढकलत आणली गेली. पीटर आणि अ‍ॅना हे जोडपं हॉलंडहून मजल दरमजल करत निघालं होतं, गोव्याला जायचं होतं, आणि पनवेलच्या वेशीत गाडीचं काहीतरी मोडलं. सुटा भाग बोटीने यायचा होता. गॅरेजात जागा नव्हती, म्हणून अब्बासभाईंनी गाडी आमच्या अंगणात फणसाखाली ठेवू का, असं भीत भीत विचारलं. मामंजी लगेच हो म्हणाले. आम्ही सगळे चकित. मग मला बाजूला घेऊन सांगितलं, "नजरेसमोर असलेली बरी."

ती गाडी म्हणजे एक घरच होतं. आत ओटा, चूल, पाण्याची टाकी. पण खरी गंमत छपराची. ते एका बाजूने वर उचललं जायचं, पेटीच्या भात्यासारखं, आणि वर गेलेल्या पत्र्याच्या खाली तीन बाजूंनी कापडाच्या भिंती ताणल्या जायच्या. त्या पोकळीत फळी टाकून दोघं झोपायची.

"खाली जागा असताना माणूस वर का झोपतो?" मामंजींनी मला विचारलं. जसं काही मी हॉलंडची.

"वारा लागत असेल."

"वाऱ्यासाठी कुणी एवढं यंत्र करतं होय?"

पीटरने त्यांची शंका ओळखली असावी. त्याने हसत हसत सगळी कपाटं, सगळे कप्पे उघडून दाखवले. त्याने तर मामंजी जास्तच अस्वस्थ झाले. "जो एवढं उघडून दाखवतो," ते म्हणाले, "त्याचं मिटलेलं कुठे असेल?"

अ‍ॅनाला वाटेतच कुठेतरी हिवताप झाला होता. ताप उतरला, पण अंगात त्राण नव्हतं. आम्ही तिला घरात खाट दिली. एक दुपार ती तिथे झोपलीही, पण जाग आली तेव्हा आळीतल्या झाडून सगळ्या बायका खाटेभोवती बसून तिच्याकडे बघत होत्या. ती पुन्हा आमच्या घरात झोपायला आली नाही. गाडीत मात्र छपराचा पत्रा असा तापायचा की खाली पापड वाळवावेत. तिचा चेहरा रोज आणखी उतरत होता. पीटर ओल्या चादरी लावायचा, त्या घटकेत वाळायच्या.

मला सुचलं की छपराला आतून गोधडी लावली तर? पीटरला हे समजावताना मी माझं सगळं इंग्रजी खर्ची घातलं. त्याने आधी मला थंडी वाजते आहे असा अर्थ घेतला आणि स्वतःचा कोट आणून दिला. शेवटी मी जनालाच बोलावलं.

जना जवळच्या ओवे गावची. पावसाळ्याच्या आधी दरवर्षी पनवेलात यायची आणि घरोघरी ओटीवर बसून गोधड्या शिवायची. घरातली जुनी लुगडी-धोतरं तिच्या हवाली करायची, दिवसभर घर तिच्यासाठी उघडं. नवऱ्यामागे तिचं सगळं त्यावर चालायचं. हातात कला होतीच, पण बाईला घरात निर्धास्त बसवता येतं, हे तिचं खरं भांडवल.

तिने गाडीत चढून वर हात लावला आणि झटकन मागे घेतला. "ही तर तव्याखाली निजते, बाय," ती म्हणाली. पत्र्याच्या बाजूला मामंजींची पांढरी धोतरं, आतल्या बाजूला माझी विटलेली पातळं, मधे शेवरीचा हलका कापूस, आणि काठाला बंडीसारखे बंद, छपराच्या पट्ट्यांना बांधायला, असं तिने ठरवलं. ओटीवर पसारा मांडून ती बसली. मामंजी समोर आरामखुर्चीत, वर्तमानपत्राच्या वरून बघत.

गोधडी लावून पाहिली आणि छप्पर मिटेना. पीटर, अब्बासभाई आणि आमचे हे, तिघं वर चढून बसले तरी कडी लागेना. जना खालून ओरडली, "उतरा रं खाली. गोधडीत झोपतात, तिच्यावर नाचत नाय." मग जिथे कापड दुमडतं तिथला कापूस तिने काढून टाकला आणि तिथे नुसती शिवण ठेवली. काठ पुन्हा शिवायला गोधडी ओटीवर आली.

मामंजींनी हे टिपलं. "आधी भरलं, आता काढते आहे," ते मला हळूच म्हणाले. "काढताना काय घालते आहे, ते कुणी बघतंय का?"

जना मागल्या दारी जेवायला बसली तेव्हा त्यांनी गोधडीच्या काठावरून बोटं फिरवली. एका कोपऱ्यात बोटं थांबली. खिळ्यावरची सळई काढून त्यांनी तिथे टोचून पाहिलं. टक् असा आवाज आला. मला हाक मारली. मी चाचपलं. चपटं, कडक, तळहाताच्या निम्म्याएवढं काहीतरी होतं. मलाही सोनंच वाटलं. सोन्याचं बिस्कीट मी जन्मात पाहिलं नव्हतं. खायचं बिस्कीटसुद्धा आमच्याकडे आजारी माणसालाच मिळायचं.

"गाडी परदेशी, जाणार समुद्राकाठाने, आणि गोधडी कोण उसवणार?" मामंजींचा आवाज बारीक झाला होता. "तरी म्हटलं, छप्पर कशाला उचलतात."

"मामंजी, तिलाच विचारू या."

"विचारलं की माल हलतो."

त्यांनी हवालदाराला बोलावणं पाठवलं. पंच म्हणून अब्बासभाईंना आणि समोरच्या गिरणीवाल्याला उभं केलं. हवालदाराची टोपी अंगणात शिरली तसा रस्ता थबकला. जना हात पुसत बाहेर आली आणि एवढी माणसं बघून उंबऱ्यातच उभी राहिली.

"बाई, ह्या कोपऱ्यात काय घातलंय?" हवालदाराने विचारलं.

जनाने त्याच्याकडे न बघता मामंजींकडे बघितलं. "ते पोट हाय तिचं. उसवू नका."

"ऐकलंत?" मामंजी पंचांना म्हणाले. "आत काहीतरी आहे, हे कबूल केलं."

"दारोगासाब, खुदा के वास्ते आत चला," अब्बासभाई म्हणाले. "रस्त्यावर माणसं जमलीत. बाईमाणूस आहे."

"लपून बघायचं असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?"

मामंजींनी स्वतः पात्याने टाके कापले, कोपरा झटकला. ओटीवर पडला तो तांदळाच्या भाकरीचा तुकडा, वाळून दगड झालेला. हवालदाराने तो उचलला, हुंगला, उलटासुलटा केला आणि गंभीरपणे विचारलं, "दारोगासाहेब, जप्त करायचा का?"

"आमच्यात गोधडी उपाशी ठेवत नाय," जना म्हणाली. "ती उपाशी, तर तिच्यात निजणारा उपाशी. म्हून शेवटच्या टाक्याआधी भाकरी ठेवतात. तुमी विचारलं असतं, दारोगा, तर सांगितलं असतं." तिने सुई काढून अंबाड्यात खोवली आणि अंगणातून सरळ चालू लागली. पीटर मधे आला, हात जोडून काही बोलला. तिने त्याच्या दंडाला हलकेच हात लावला आणि गेली.

भाकरी ओटीवरच्या चार-पाच जणांनी पाहिली. रस्त्यावरच्या सगळ्यांनी हवालदार पाहिला. दिवस मावळायच्या आत आळीतल्या बायका मला सांगून गेल्या, की यंदा गोधडी नको असं जनाला कळव. का, ते कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. तुकडा मात्र आरामखुर्चीच्या हातावर पडून होता आणि मामंजी त्याच्याकडे बघत बसले होते.

दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी पानातली भाकरी मोडली, अर्धी रुमालात बांधली आणि टांगा सांगितला. "सूनबाई, तू चल. बोलायला कुणीतरी लागेल." सवयीने सळई घेतली. उंबऱ्यापर्यंत गेले, मागे फिरले, ती खिळ्याला लावली.

ओव्याला जना आपल्या दारात सुकट निवडत होती. तिने आम्हाला बघितलं, पण हात थांबवला नाही.

"सळई नाय आणली?"

"नाही."

"मग खात्री कशी करणार?"

"झाली आहे," मामंजी म्हणाले. पुढे बोलायला मला आणलं होतं, पण मला तोंड उघडायला त्यांनी वेळच दिला नाही. त्यांनी रुमाल सोडून भाकरी तिच्यापुढे ठेवली.

जनाने अंबाड्यातली सुई काढली. भाकरीत एकदा, दोनदा, चहूबाजूंनी टोचली. दरवेळी टोक डोळ्यांजवळ धरून निरखलं, बोटाने पुसलं. मग म्हणाली, "पीठ चांगलं हाय, दारोगा. तुमाला कुणी फसवलेलं नाय."

मी पदर तोंडात कोंबला. मामंजी हसले नाहीत. माझी गादी त्यांना आठवली की नाही, कोण जाणे.

"मी येईन," जना म्हणाली. "पण मागल्या दारानं नाय. हवालदार आला त्या रस्त्यानं येईन, आन् तुमी माझ्यापुढं चालायचं."

टांगा बाजाराच्या तोंडाशी थांबवला. मामंजी पुढे, जना मागे, तिच्या मागे मी, अशी आमची वरात बाजारातून घरी आली. मामंजी आयुष्यात कुणापुढे नमले नव्हते, त्यामुळे त्यांना ते कसं करायचं तेही ठाऊक नव्हतं. भेटेल त्या माणसाला थांबवून ते दारोग्याच्या कडक आवाजात सांगत होते, "माझी खात्री चुकली. भाकरी होती. ऐकलंत? भाकरी." उसाच्या रसवाल्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याने घाबरून रसाचा पेला पुढे केला.

जनाने रस्त्याकडच्या ओटीवर बसून, येणाऱ्याजाणाऱ्याच्या देखत तो कोपरा शिवला. मामंजींची भाकरी त्यात गेली. ते शेजारी बसून तिला सुईत दोरा ओवून देत होते आणि दहातला एखादा ओवला जात होता. आठवड्याभरात आळीतल्या बायका माझ्याकडे येऊन, जना आमच्याकडे कधी यायची, असं विचारू लागल्या.

गोधडी बंदांनी छपराला आतून घट्ट बसली. छप्पर मिटलं, कडी लागली, पुन्हा उघडलं. त्या दुपारी अ‍ॅना वर जाऊन झोपली ती दिवेलागणीलाच उठली. पुढे सुटा भाग आला आणि ती दोघं गोव्याच्या वाटेला लागली. जनाच्या गळ्यात पडून अ‍ॅना रडली. गाडी वळणाआड जाईपर्यंत मामंजी बघत होते. मग मला म्हणाले, "मागची चाकं जरा जास्तच दबल्यासारखी वाटली नाहीत तुला?"

स्वभाव बदलला नाही तो नाहीच. पण त्यानंतर जना दरवर्षी आधी आमच्याकडे यायची, आणि गोधडी पुरी होत आली की मामंजी खुर्चीतून विचारायचे, "भरलं का पोट?" ती म्हणायची, "तुमच्या देखत कोण उपाशी ठेवील?"

मामंजी गेले तेही अशाच उन्हाळ्यात. भर दुपारी, अर्ध्या पानावरून उठले, जरा पडतो म्हणाले, आणि पुन्हा उठले नाहीत. जना त्या दिवशी ओटीवरच शिवत होती. सगळी धावपळ झाली. कितीतरी वेळाने मी स्वयंपाकघरात गेले तर त्यांचं पान तसंच होतं, आमटी सुकलेली, पण पानातली अर्धी भाकरी नव्हती. मांजर चुलीपाशी बसलं होतं. मी त्याला एक ठेवून दिली.

तेराव्यानंतर जनाने मामंजींच्या धोतरांची एक गोधडी आणून दिली. मी कोपरे चाचपले. एका कोपऱ्यात चपटं, कडक काहीतरी लागलं.

"जना, ह्यात कुठली भाकरी घातलीस?"

"गोधडीला तसं विचारायचं नसतं, बाय," ती म्हणाली.

ती गोधडी आजही माझ्या अंथरुणावर असते, आणि सळई दाराशेजारच्या खिळ्याला. दोन टाके कापले तर खात्री होईल, असं पुष्कळदा मनात येतं. मामंजींची सून आहे मी, येणारच. पण हात कोपऱ्यापर्यंत जातो आणि तिथेच थांबतो. त्या मांजराला मात्र मी उगाच मारलं, एवढी खात्री माझी न उसवताच झाली आहे.