रोहित पक्ष्यांचा रोल

फोटो नीट आलेत का ते बघावं म्हणून मी माझ्या मित्राच्या कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं, तेही भर उन्हात. आतल्या रोलवर अख्ख्या हिवाळ्यातले रोहित पक्षी होते. ते जागच्या जागी पुसले गेले.

हा रत्नागिरीचा गृहस्थ इथे आखातात, शुवैख बंदरावर माल मोजायचा आणि असा ओरडायचा की बोटीला भोंगा नसता तरी चाललं असतं. पण शुक्रवारी नमाज आटोपून खाडीच्या चिखलात पालथा पडला, की कुजबुजायचा. पक्ष्यांना "साहेब, जरा मान वर करा," आणि मला "हलू नको रे, म्हशी!"

उन्हाळा तोंडावर आला होता. पक्षी दोन-चार दिवसांत जाणार, ते थेट पुढच्या हिवाळ्यात येणार. आता हा ओरडणार म्हणून मी कान झाकले. त्याने मात्र निमूट नवा रोल भरला आणि वर पाहिलं, तर माझ्या धडपडीने थवा उडालेला. मग त्याने कॅमेरा माझ्याकडे वळवला.

"ऱ्हव असाच. तू तरी उडत नायस."

महिन्याने फोटो आणून दिला. प्रत्येक फोटोमागे तो पक्ष्याची माहिती लिहायचा. माझ्या फोटोमागे होतं : 'बारमाही. जोडीने राहतो. हात लावू नये तिथे हात लावतो.'

बायकोने ते दोनदा वाचलं.

"सगळं बरोबर आहे. खातो किती, तेवढं राहिलंय. त्यांना जेवायला बोलवा, म्हणजे तेही बघतील."