एका शब्दाला एकच चौकट

मला सही करायला दिलेल्या कागदावर सात ओळी टाइप केलेल्या होत्या. पाचवी ओळ अशी : 'सदर बाईंना स्पॅनिश भाषेचे पुरेसे ज्ञान नसल्याचे निदर्शनास आले आहे.' कुणाच्या निदर्शनास? आमच्या कारखान्यात अडीचशे माणसं होती आणि त्यातल्या एकालाही स्पॅनिशमध्ये 'पाणी' म्हणता येत नव्हतं. साहेबांनाही नाही. तरी निदर्शनास आलं होतं. त्या कागदाची एक प्रत धुळ्याला जायची होती, बाई जिथे शिकवायच्या त्या नर्सिंगच्या शाळेत. त्या शाळेतून दरवर्षी दोन मुली पुढच्या शिक्षणाला स्पेनला जात. मुलीला भाषा पुरेशी येते, असा दाखला बाई आपल्या सहीने देत. पाचवी ओळ तिथे पोचली की त्या सहीला कवडीची किंमत राहणार नव्हती. साहेबांना हे माहीत होतं. मला तर जास्तच माहीत होतं, कारण बाईंच्या घरी जाणारा माणूस मीच होतो.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत ठिबक सिंचनाच्या नळ्या करणाऱ्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळत होतो. स्टोअरचा नियम साधा. एका वस्तूला एक कार्ड, एक नंबर, एक खण. वॉशर चार नंबरच्या खणात असेल तर तो चारमध्येच असला पाहिजे, पाचमध्ये दिसला तर कुणाची तरी चूक. आठ वर्षं माझ्या वार्षिक मोजणीत एका नगाचा फरक आला नव्हता. त्याचा मला गर्व होता, तो लपवण्यात अर्थ नाही.

दक्षिण अमेरिकेतल्या एका देशातून पहिली ऑर्डर आली. त्यांची अट होती की जोडणीचं पुस्तक स्पॅनिशमध्ये हवं. आमचं पुस्तक इंग्रजीत. कुणीतरी सांगितलं की धुळ्याला एक बाई आहेत, तरुणपणी मुंबईत स्पॅनिश नन्सच्या दवाखान्यात नर्स होत्या, पुढे सहा वर्षं स्पेनमध्येच काढून आल्यात. साहेब म्हणाले, 'ठीक आहे, पण पुस्तक गेटबाहेर जाणार नाही.' दोन वर्षांपूर्वी आमचा एक इंजिनियर नकाशे घेऊन दुसऱ्या कारखान्यात गेला होता, तेव्हापासून साहेबांना कागदाचा कपटाही बाहेर गेलेला चालत नसे.

आणि तेव्हा मी तोंड उघडलं. 'साहेब, वाक्यं कशाला द्यायची? पुस्तकातले शब्द काढू. एक शब्द एकदाच. त्या समोर स्पॅनिश शब्द लिहून देतील. आल्यावर आपण इथे जागेवर बसवू.'

साहेब खूश झाले. 'याला म्हणतात डोकं!' म्हणाले. कुणी माझं असं कौतुक केलं की मला अजूनही धास्ती वाटते, ती तेव्हापासून.

रोज जेवणाच्या सुट्टीत बसून मी अकरा दिवसांत यादी केली. एक हजार एकशे सेहेचाळीस शब्द, इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने. एका पानावर पंचवीस. पंचेचाळीस पानं भरली, सेहेचाळिसाव्यावर एकवीस. प्रत्येक शब्दासमोर पट्टीने आखलेली चौकट, एक इंच बाय पाव इंच.

रविवारी एसटीने एरंडोल, पारोळा करत धुळ्याला गेलो. बाईंचं घर दोन खोल्यांचं, कपाटावर बुद्धाची लहान मूर्ती आणि शेजारी उशीएवढा जाड शब्दकोश. आजूबाजूचे सगळे त्यांना अक्का म्हणत, मीही तेच म्हणू लागलो. त्यांनी यादी हातात घेतली, पहिलं पान पाहिलं, मधलं पाहिलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

'भाऊ, याच्यात वाक्यं कुठंयत?'

'वाक्यं नाहीत, अक्का. शब्दच द्यायचेत.'

'बरं. मग हा 'नट' कोणता? झाडाचा का लोखंडाचा?'

मशीनबद्दल चकार शब्द काढायचा नाही असं मला बजावलेलं होतं. 'शेतीचा माल आहे,' एवढंच म्हणालो.

'शेतीचा म्हणजे झाडाचा धरू? झाडाचा तर नुएस. लोखंडाचा तर तुएर्का. दोघांचा काही संबंध नाही. आणि हा 'स्प्रिंग'? पाण्याचा झरा, वसंत ऋतू का तारेचं वेटोळं? तिन्हीला तीन शब्द आहेत. 'बेड' कोणता? मी नर्स आहे, मला तर खाटच दिसते. पण तुम्ही शेती म्हणता, म्हणजे वाफा असेल. आणि हे 'हेड'? माणसाचं डोकं, पाण्याचा दाब, का कशाचा तरी वरचा भाग?'

'जे नेहमीचं असेल ते लिहा.'

'कोणाच्या नेहमीचं?'

या प्रश्नाला मी हसलो. आता आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

त्यांनी यादी ठेवून घेतली, पण पुढच्या रविवारी माझ्या हातात भरलेल्या चौकटी दिल्या नाहीत, प्रश्न दिले. दोनशे अठरा शब्दांवर प्रश्न, नंबर घालून. मी ते साहेबांपुढे ठेवले. त्यांनी पानं उलटायचेही कष्ट घेतले नाहीत. 'बाईला भाव खायचाय. एक शब्द, एक अर्थ. चौकट आहे ना? भरायला सांगा.'

'पण साहेब, त्या म्हणतात की शब्द ओळीनं मांडले म्हणजे भाषा होत नाही. स्पॅनिशमध्ये क्रियापद बदलतं, विशेषण उलट्या बाजूला जातं...'

'तुम्ही कधीपासून स्पॅनिश बोलायला लागलात?'

ऑफिसातले सगळे हसले. मीही हसलो. नोकरी करणाऱ्या माणसाचं हे हसू हिशेबात कुठे धरायचं ते मला कळत नाही.

घरी बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, 'अहो, भांड्यावर नाव घालणारासुद्धा विचारतो, कुणाचं लग्न, कुणाकडून भांडं. आणि तुम्ही त्या बाईला काहीच सांगायचं नाही? कमाल आहे तुमची.' मी म्हणालो, वरून हुकूम आहे. ती म्हणाली, 'यादी वरून आली का?' मी ताट ओढलं.

अक्कांनी शेवटी काम पूर्ण केलं. मनाला येईल ते एक लिहून मोकळ्या झाल्या नाहीत. चौकटीत एक शब्द लिहिला आणि जिथे शंका होती तिथे बाजूला बारीक अक्षरात 'मागे पाहा'. पानाच्या मागे इतर अर्थ, प्रत्येकापुढे मराठीत खुलासा : लोखंडाचा असेल तर हा, पिकाचा वाफा असेल तर हा, पाण्याचा दाब असेल तर हा. दोनशे अठरा खुलासे. सोबत वेगळी चिठ्ठी : 'यावरून पुस्तक छापू नये. वाक्ये दाखवल्यास चार दिवसांत करून देईन.' मी पानं मोजून घेतली, दोन्ही बाजूंनी पाहिली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवली. चिठ्ठी सर्वांत वर ठेवली.

टायपिस्टने झेरॉक्स एकाच बाजूची काढली. मागच्या बाजूला काही असतं हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही, कारण आमच्या कारखान्यात कार्डाची मागची बाजू कोरी असते. ती सवयही मीच लावलेली. मूळ पानं माझ्याकडे परत आली आणि मी ती कपाटात ठेवून दिली. उघडून पाहिलं नाही की छपाईला मागची बाजू गेली का. माझं काम पोचवण्याचं, असं मी स्वतःला सांगितलं. ऑफिसातले लोक इंग्रजी वाक्यातल्या शब्दाखाली एकेक स्पॅनिश शब्द बसवत गेले आणि पुस्तक छापलं. कागद गुळगुळीत, मुखपृष्ठ चार रंगांत.

तीन महिन्यांनी पत्र आलं. त्या लोकांनी सभ्यपणे लिहिलं होतं की पुस्तक कोणत्या भाषेत आहे ते त्यांच्या माणसांना समजलं नाही. फिल्टरवर फळ आवळून बसवा आणि डोक्यामागचा झरा काढून स्वच्छ करा, असं काहीतरी त्यांना त्यातून लागलं होतं. पुढचा माल त्यांनी थांबवला. मालक खाली आले, साहेबांवर ओरडले आणि दुसऱ्या दिवशी तो सात ओळींचा कागद माझ्यापुढे आला. साहेबांची सही झालेली होती. खाली माझ्यासाठी जागा : 'समक्ष संपर्क करणार'.

'साहेब, त्यांनी लेखी कळवलं होतं, छापू नका म्हणून.'

'कुठंय ती चिठ्ठी?'

ती टेबलावरून गेली होती. अर्थातच गेली होती.

'आणि खरं सांगू का, भाऊ? त्या वस्तीतल्या बाईला स्पॅनिश येतं हेच मला मुळात पटलं नव्हतं. तुम्ही म्हणालात म्हणून. करा सही.'

मला त्या क्षणी जो राग आला तो आजही तसाच ताजा आहे. आठ वर्षं ज्या माणसाला साहेब म्हटलं, त्याचं तोंड मला पाहवेना. मी म्हणालो, 'उद्या करतो.' कपाटातली सेहेचाळीस पानं पिशवीत घातली आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून धुळ्याची एसटी पकडली.

अक्कांना मी सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. मग उठून आतून एक पुस्तिका आणली आणि माझ्यापुढे आपटली. मुखपृष्ठावर आमच्या कारखान्याचं चिन्ह.

'हेच ना तुमचं गुपित? माझी एक विद्यार्थिनी सोनगीरची. तिच्या बापाच्या घरात निघालं, ठिबकच्या खोक्यातून आलेलं. कोनाड्यात पडलेलं होतं, पोरं त्याच्यावर चित्रं काढत होती. नट म्हणजे लोखंडाचा, स्प्रिंग म्हणजे तारेचं, हेड म्हणजे पाण्याचा दाब. सातव्या पानापर्यंत सगळं कळलं मला. सातव्या पानापर्यंत, भाऊ!'

इंग्रजी पुस्तिका. तीच. विकल्या गेलेल्या प्रत्येक संचाच्या खोक्यात एक जात होती, आणि ती मोजून खोक्यात टाकायची जबाबदारी स्टोअरची, म्हणजे माझी. हजारांनी मी त्या बाहेर पाठवल्या होत्या. जळगावपासून शहाद्यापर्यंत ज्याच्या शेतात ठिबक, त्याच्या घरात हे पुस्तक. आणि मी एका बाईसमोर बसून गुप्ततेच्या गोष्टी करत होतो. वर गुप्त म्हणाले म्हणून गुप्त. आपल्याच हातानं काय वाटतोय हे पाहायची अक्कल नाही.

अक्का आता अहिराणीवर आल्या. राग आला की येत असाव्यात. 'तुमनं बठ्ठं उलटंच शे, भाऊ! मोजता बठ्ठं, नि देखता काहीच नहीं!'

'खरंय. मोजतो सगळं, बघत काहीच नाही.'

'खरंय म्हणू नका. उठा. नानांकडे चला. मला जे सांगितलं ते तिथं सांगा, मोठ्यानं.'

नाना म्हणजे शाळेचे सचिव, आमच्या मालकांचे स्नेही. त्यांच्याकडे फोनवर बातमी आधीच पोचली होती, हे आम्ही आत शिरताच त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. अक्कांना त्यांनी बसा म्हटलं नाही. त्या उभ्याच राहिल्या, म्हणून मीही उभा राहिलो.

माझं ऐकून घेतल्यावर नानांनी विचारलं, 'तुम्हाला स्पॅनिश येतं?'

'नाही.'

'मग बाईंना येतं हे तुम्ही कशावरून सांगता?'

मी पिशवीतली पानं काढून टेबलावर उलटी ठेवली, मागची बाजू वर करून. म्हणालो, 'नाना, अकराशे सेहेचाळीस शब्द होते. दोनशे अठरांवर यांनी हटकलं. प्रत्येकाचे अर्थ वेगळे करून मराठीत लिहून दिलेत, मोजून बघा. ज्याला येत नाही तो विचारत नाही, चौकट भरून मोकळा होतो. या दोनशे अठरांपैकी एकही आमच्याकडे कुणी वाचला नाही. यादी माझी, चौकट माझी, वाक्यं लपवायची युक्ती माझी. तसं मी लिहून देतो.'

त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच कागदावर लिहून दिलं. सही केली, खाली माझा हुद्दा लिहिला. नानांनी कागद दोनदा वाचला. अक्कांकडे न बघता म्हणाले, 'यंदाच्या दोन मुलींचे दाखले तयार असतील तर पाठवा कार्यालयात.' बस. माफ करा नाही, गैरसमज झाला नाही. अक्कांनीही आभार मानले नाहीत. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, 'चहा घेऊन जा.' त्यांच्याकडे चहा घ्यायला मला लाज वाटली, पण नाही म्हणायची जास्त लाज वाटली.

त्या वर्षी दोन्ही मुली गेल्या. सात ओळींच्या कागदावर मी सही केली नाही. तो माझ्या सहीशिवाय फाइलला लागला आणि माझ्या माहितीप्रमाणे अजून तिथेच आहे. मला स्टोअरमधून काढून पार्सलांच्या वजनकाट्यावर बसवलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, ती माझ्या यादीची किंमत होती.

तक्रार दुसरी आहे. दोन महिन्यांनी नवीन पुस्तक करायचं ठरलं, मुंबईच्या एका संस्थेकडून. तिला इंग्रजी पुस्तक सबंध पाठवलं. चित्रांसह, नकाशांसह, शिवाय काही समजलं नाही तर विचारा असं साहेबांच्या सहीचं पत्र. मी साहेबांना विचारलं, 'आता गेटबाहेर चालतं?' ते म्हणाले, 'अहो, ते व्यावसायिक लोक आहेत. त्यांना वाक्यं नको का द्यायला?'

टपालाचं पार्सल वजनाला माझ्याच काट्यावर आलं. तीनशे दहा ग्रॅम. एवढंच वजन होतं त्या गुपिताचं. मी नोंद केली आणि पार्सल पुढे सरकवलं. संस्थेने वाक्यं वाचून चार दिवसांत काम करून दिलं, बाई म्हणाल्या होत्या तेवढ्याच दिवसांत. कारखान्यात त्या संस्थेची फार वाखाणणी झाली.