बांगडीचं अंतर

साठ मीटर म्हणे. साठ मीटरवरून ससा आरामात पडतो म्हणे. माझ्या मुलाचा मित्र आमच्या वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये बसून, मी थापलेली भाकरी मोडत हे बोलला, तेव्हा माझं जे डोकं फिरलं ते अजून जागेवर आलेलं नाही.

हा मित्र माझ्या मुलाबरोबर नागपूरला इंजिनीअरिंग शिकला. पुढे दोघं इथे परदेशात, बुओना व्हिस्टाला एकाच ऑफिसात होते. मग तो न्यूझीलंडला गेला, जमीन घेतली, चार मेंढ्या पाळल्या आणि एक छर्र्याची बंदूक घेतली. तिथे ससे उदंड. गवत फस्त करतात, म्हणून मारायला मोकळीक आहे, मारले तर शेजारीही खूश. त्याच्याशी माझं भांडण नाही. सशांचा त्रास काय असतो ते मला त्याच्यापेक्षा जास्त माहीत आहे. माझं भांडण त्या साठ मीटरशी होतं, कारण ते तो माझ्या नातीला सांगत होता.

नात पंधरा वर्षांची. शाळेच्या नेमबाजीच्या टीममध्ये आहे. बंद हॉल, अंगात जाड जाकीट, वारा नाही, समोर कागद, आणि अंतर दहा मीटर. कागद पळून जात नाही. त्यात ती चांगली आहे, दोन पदकं आहेत घरात. तर हा तिला म्हणाला, "डिसेंबरच्या सुट्टीत ये माझ्याकडे. कागदाला काय मारतेस? तुझ्या हातून पहिला ससा पाडतो की नाही बघ."

तिचे डोळे चमकले. मी विचारलं, "किती पावलांवरून?"

"काकू, पावलं कसली? साठ मीटर आरामात. बंदुकीच्या खोक्यावर तर त्याहून जास्त लिहिलंय."

"खोक्यानं किती ससे मारले आतापर्यंत?"

मुलगा हसला. "आई, त्यात फिजिक्स असतं. छर्र्याचा वेग वगैरे."

म्हणजे तू चौथी शिकलेली, तू गप्प बस. तसं बोलला नाही, पण मी त्याला जन्म दिलाय, मला ऐकू येतं.

सूनबाईंचं वेगळंच. त्या कढईत चिकन परतत होत्या. म्हणाल्या, "आई, आपण पंचशील घेतलेली माणसं. पोरीसमोर शिकारीच्या गोष्टी कशाला?" मी म्हटलं, "कढईत काय आहे? भोपळा?" प्राणी मारणार नाही हे पहिलं शील मी मोडलंय, ते मी कबूल करते. पण ज्यांनी ते सुपरमार्केटच्या पिशवीतून मोडलं त्यांनी मला शिकवू नये.

आता मला हे कसं ठाऊक ते सांगते. माझे सासरे वऱ्हाडात संत्र्याच्या बागेचे राखणदार होते. बाग मालकाची, बंदूकही मालकाची. नळी मोडून छर्रा भरायचा, तसली. पहाटे आणि तिन्हीसांजेला ससे येऊन लहान कलमांची साल कुरतडायचे. साल गोल सोलली गेली की कलम मेलं, आणि कलम मेलं की बोलणी सासऱ्यांनी खायची. म्हणून ससे मारायचे. मारलेला ससा आम्ही खात होतो. त्याची लाज मला तेव्हा नव्हती, आताही नाही.

लग्न होऊन आले तेव्हा मी सोळा वर्षांची. सासऱ्यांचा गुडघा धरलेला, नवरा दिवसभर कापसाच्या जिनिंगमध्ये. म्हणून बंदूक माझ्या हातात आली. पण सासऱ्यांनी आधी बागेत नेलं नाही. झोपडीच्या मागच्या भिंतीला ओल्या मातीचा लेप दिला, माझ्या हातातली एक काचेची बांगडी मागितली आणि लेपात दाबून बसवली. म्हणाले, "पाच छर्रे बांगडीच्या आत. बांगडी फुटली नाही पायजे. जिथून जमते तितकं तुहं अंतर. त्याच्या एक पाऊल मागून बंदूक उचलायची नाही."

"बंदूक तर लई दूर जाते म्हणतात, मामाजी," मी म्हटलं.

"बंदूक जाते. तू जाते का?"

सशाचं डोकं बांगडीत मावतं, एवढाच त्यामागचा हिशेब. छर्रा म्हणजे मसुरीच्या दाण्याएवढं शिसं. जवळून डोक्यात बसला तर ससा जागीच आडवा. पोटात, पायात बसला तर ससा मरत नाही, पळतो. लांबून तर छर्र्यात जोरच उरत नाही, कातडीत रुतून बसतो. पोचणं वेगळं आणि मारणं वेगळं. हे समजायला फिजिक्स लागत नाही, पण फिजिक्स शिकलेल्यांना ते समजत नाही असं दिसतं.

माझं अंतर बसून अठ्ठावीस पावलं निघालं, उभ्यानं सोळा. धावत आले आणि दम लागलेला असला तर काहीच नाही, बंदूक खाली ठेवायची. सासऱ्यांचं चाळीस होतं. नवऱ्याचं बावीस, आणि ते त्याला मरेपर्यंत झोंबलं.

हे सगळं मी त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर सांगितलं. मित्र म्हणाला, "काकू, तुमची ती जुनी बंदूक. माझ्या बंदुकीवर दुर्बीण आहे."

"दुर्बिणीतून ससा मोठा दिसेल. तुझा हात थरथरायचा थांबेल का?"

"काकू, तुम्ही एकदा येऊन बघाच."

मी म्हटलं, न्यूझीलंड कशाला, हा कॉरिडॉर आहे ना. आमचा ब्लॉक जुना. मजल्यावरची सगळी दारं एका लांब कॉरिडॉरवर उघडतात, मी रोज संध्याकाळी तिथेच चालते. मी हातातली हिरवी बांगडी काढून नातीला दिली. टोकाच्या घरातल्या मलय बाईंच्या कुंडीत वेलाला आधाराची काठी होती, त्या बाईंना विचारून नातीनं बांगडी त्या काठीला अडकवली आणि मोजत परत आली. तिची नव्वद पावलं झाली. मित्र म्हणाला, हे साधारण साठ मीटर.

"दिसते का बांगडी?" मी विचारलं.

तो डोळे बारीक करून बघत राहिला. "काठी दिसते," म्हणाला.

नातीनं दाराजवळची लांब छत्री उचलली, गालाला लावली आणि शाळेत उभी राहते तशी उभी राहिली. मुलगा कावराबावरा झाला. "ए, खाली ठेव ती! कोणी बघितलं तर पोलीस येतील!"

"पापा, अम्ब्रेला आहे ला," ती म्हणाली. इथली पोरं वाक्याच्या शेवटी तो 'ला' लावतात, आधी मला राग यायचा, आता येत नाही. मग ती छत्रीच्या टोकाकडेच बघत बसली. टोक हलत होतं, हलणारच. थोड्या वेळानं म्हणाली, "आजी, दहा मीटरवर माझा हात एवढा हलतो." तिनं करंगळीचं नख दाखवलं. "साठवर सहा टाइम्स. मग बांगडीच्या बाहेर जाणार."

कुणीही न सांगता पोरीनं हिशेब केला. दोन इंजिनीअर बाजूला उभे होते, त्यांना तो अजूनही करावासा वाटला नव्हता. मित्र हसून म्हणाला, "काकूंनी पोरीला घाबरवलं." टोकाच्या मलय बाई बांगडी हातात घेऊन आमच्याकडे आल्या आणि माझ्या हातात देताना विचारलं, पूजा आहे का? मी म्हटलं, नाही, मूर्खपणा आहे.

बांगडी मी नातीच्या बॅगेत टाकली, मोज्यात गुंडाळून. तिला म्हटलं, तिथे गेल्यावर आधी हे कर, मग सशाकडे बघ.

एक गोष्ट मात्र मी तिला सांगितली नाही. इथे सांगते.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी एका पहाटे मी पंचेचाळीस पावलांवरून चाप ओढला. ससा कलमाला तोंड लावून बसला होता, जवळ गेले असते तर पळाला असता, आणि त्या आठवड्यात सहा कलमं गेली होती. मला माझं अंतर माहीत होतं. तरी ओढला. ससा हवेत उडाला, पडला, उठला आणि बोरीच्या जाळीत घुसला. मी घरी येऊन सांगितलं, लागला पण गेला. सासरे जेवत होते. म्हणाले, "गेला नाही. तो तुहा आहे. जा, आण." दोन दिवस मी जाळ्या धुंडाळल्या, हात सोलून निघाले. स्वयंपाकाला सासू मला बोलावत नव्हती, सासऱ्यांनीच मना केलं होतं. तिसऱ्या दिवशी सापडला, जाळीत नाही, पाण्याच्या पाटाच्या कडेला. जबडा फुटलेला. तोंड पाण्याशी, पण पिता येत नव्हतं. जिवंत होता. मुंग्या लागल्या होत्या. मी दगडानं काम संपवलं. तो ससा आम्ही खाल्ला नाही.

पुढे सशाला हात लावायचा नाही असा कायदा आला, सासऱ्यांनी बंदूक मालकाला परत केली. मला बरंच वाटलं. नातीला ही गोष्ट सांगितली नाही, कारण माझी शोभा तिच्यापुढे कशाला करून घ्यायची? बांगडी दिली आहे, तेवढं पुरे, असं मी धरून चालले.

नात गेली, आठवड्यानं परत आली. ती यायच्या आधीच मित्राचा फोन मुलाला आला होता. "पोरगी हुशार आहे, पण हिंमत नाही. बंदूक हातात घेऊन नुसती बसून राहायची." मुलानं ते मला हसत हसत सांगितलं. मी म्हटलं, हसायचं काय त्यात?

आल्यावर ती दोन दिवस नीट बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी मेथी निवडत होते, तर शेजारी येऊन बसली आणि बांगडी माझ्यापुढे ठेवली. अख्खी होती.

"बसून बावीस स्टेप्स," ती म्हणाली. "तिसावर दोन बाहेर गेले."

"बंदूक नवी, हात नवा. बावीस चांगले आहेत. मग?"

"ससे सगळे लांब. मी पोटावर सरकत गेले, ते पळाले. मग मी नाही मारलं. रोज तसंच."

"बरं केलंस."

"अंकलनी मारला." ती मेथीची एक काडी घेऊन तिचे तुकडे करत होती. "व्हरांड्यातून. खूप लांब. तो वर उडाला आणि पळाला. अंकल म्हणाले, हिट! आणि आत गेले, बार्बेक्यू लावायला. मी म्हटलं, अंकल, तो तुमचा आहे, शोधायला चला. ते म्हणाले, पेस्ट आहे, गवत खाणारा उपद्रव, मरेल कुठेतरी. मी एकटी शोधलं. दुसऱ्या दिवशी पण. बंदूक त्यांना परत दिली, नको म्हटलं."

'तो तुमचा आहे' हे तिला मी शिकवलेलं नव्हतं. सासऱ्यांचे शब्द पोरीच्या तोंडून आले, आणि मी हातातली जुडी खाली ठेवली.

"कुठे कुठे शोधलंस?"

"झुडपांत. सगळ्या झुडपांत. काटे बघ." तिनं हात दाखवले.

"पाणी होतं का जवळ?"

"ओढा होता. लहान. का?"

मग मला सांगावं लागलं. पंचेचाळीस पावलं, बोरीची जाळी, पाटाची कडा, सगळं. ती ऐकत होती, आणि तिचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. मला वाटलं रडेल. रडली नाही.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली. "तो पाण्याकडे जातो, हे तुला माहीत होतं. आणि तू मला फक्त बांगडी दिलीस? मी दोन दिवस चुकीच्या जागी शोधलं, आजी!"

"तू अंतराबाहेरून मारणार नव्हतीस, म्हणून—"

"पण कोणीतरी मारणारच होतं ना! साठ मीटरवरून मारतो, हे अंकल तुझ्यासमोरच बोलले ना?"

उठून गेली आणि दार आपटलं. सूनबाई आतून ओरडल्या, हे काय वागणं आजीशी? मी म्हटलं, तिला काही बोलू नका, ती बरोबर आहे. तोवर माझा सगळा राग त्या माणसावर होता, आणि तो योग्यच होता. पण स्वतःची लाज झाकायला मी अर्धी गोष्ट गिळली होती, तो भाग त्याच्या नावावर टाकता येत नव्हता.

संध्याकाळी मुलाला म्हटलं, लाव तुझ्या मित्राला फोन. लावला.

"काकू! कशा आहात?"

"तुझ्या जमिनीत ओढा आहे, त्याच्या कडेनं जा. तू मारलेला ससा तिथे असेल."

"काकू, आठवडा होऊन गेला. आता काय सापडणार?"

"हाडं सापडतील. जबडा बघ, कुठे फुटलाय ते. आणि व्हरांड्यापर्यंत पावलं मोजत ये. मोजून झाली की माझ्या नातीला फोन कर आणि आकडा सांग."

तो हसला नाही. मुलगा माझ्याकडे बघत होता, तोही हसला नाही. नातीच्या खोलीचं दार बोटभर उघडं झालं होतं.

"काकू, खरंच जाऊ?"

"मी फोन ठेवत नाही," मी म्हटलं. "तिथे उजेड असेल तर आत्ता जा, नसेल तर सकाळी जा आणि तूच लाव."