वर्णनात बसलेला माणूस

आमच्या शेजारचा फ्रीज दुरुस्त करणारा माणूस चाळिशीचा, एकटा राहणारा आणि कामापुरतंच बोलणारा. त्याची आई नुकतीच गेली होती. त्याच सुमारास आमच्या भागात कुणीतरी उभ्या स्कूटर पेटवून देऊ लागलं. पोलिसांनी तज्ज्ञ बोलावला. गुन्हेगार कसा असेल, याचा त्याने बांधलेला अंदाज पेपरात छापून आला: एकटा, अबोल, हातात कसब असलेला, जवळचं माणूस गमावलेला.

तो वाचून पोलिसांना फोन केला, तो त्याच्या धाकट्या बहिणीने.

पोलिसांनी फ्रीजवाल्याला उचललं. तो कोठडीत असतानाच आणखी एक स्कूटर जळली आणि पेटवणारा रंगेहाथ सापडला. तो निघाला दोन मुलांचा बाप, चारचौघांत रमणारा, बडबड्या. याला सोडताना हवालदार हसत म्हणाला, "अहो, ते वर्णन आमच्या साहेबांनाही लागू पडतं. पण त्यांना कोण धरणार?"

दुसऱ्या दिवशी बहीण रडत आली. "दादा, शब्दन् शब्द तुझाच वाटला रे."

"मलाही वाचून तसंच वाटलं होतं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं.

तिने डोळे पुसले. "आमचा फ्रीज गार होत नाहीये. बघशील?"

"उद्या दुपारी येतो."

"दुपारी नको," ती पटकन म्हणाली. "मुलं एकटी असतात. हे घरी आले की ये."

"बरं," तो म्हणाला. "गॅस संपला असेल. भरायचं सामान घेऊनच येतो."