ग्रीनहाऊसमधला पाऊस

बाळ मांडीवर झोपलं की हलता येत नाही. मोबाईल नेमका हात पोचेल त्याच्या चार बोटं पलीकडे असतो. मग वारज्यातल्या आमच्या फ्लॅटच्या छताकडे बघत मी लॅबचे किस्से आठवत बसते. रजेच्या सात महिन्यांत इतके आठवलेत, की लेकीला एक जरी कळला तरी ती झोपायचं सोडून देईल!

आमची लॅब ज्वारीची. पुढे पाणी कमी, ऊन जास्त आणि खाणारी तोंडं तेवढीच राहणार. तेव्हा कुठलं वाण तग धरेल ते शोधायचं. येत्या सोमवारी माझी रजा संपतेय. परत जायचं की राजीनामा द्यायचा, ते शुक्रवारपर्यंत मॅडमना कळवायचंय. त्याआधी तुमच्यापुढे एक कबुली द्यायचीय. पण ती शेवटी. आधी जरा धीर गोळा करते.

*

माझा इंटरव्ह्यू. समोर मॅडम, म्हणजे आमच्या लॅबच्या प्रमुख. माझी मार्कशीट त्यांनी उलटी करून ठेवली.

"मृणाल, घरी गॅलरीत झाडं आहेत?"

"होती," मी म्हटलं. खोटं सुचलंच नाही.

"उत्तम! आमच्याकडे झाडांना तहानेनं मारायचंच काम आहे. ये सोमवारपासून."

*

ते अक्षरशः खरं होतं. कुंड्यांमध्ये ज्वारी वाढवायची, मग पाणी तोडायचं आणि रोज सकाळी प्रत्येक कुंडी काट्यावर ठेवायची. वजन जितकं घटलं तितकं पाणी झाड प्यायलं. कोण जपून पितं, कोण उधळतं, सगळं रजिस्टरमध्ये. ग्रीनहाऊसच्या दारावर मॅडमच्या अक्षरात पाटी: 'कुंड्यांना पाणी घालू नये. दया आल्यास बाहेर लॉन आहे.'

एकदा एक मोठे साहेब भेटीला आले. जाता जाता बाटलीतलं उरलेलं पाणी त्यांनी मोठ्या प्रेमानं एका कुंडीत ओतलं. ग्रीनहाऊस सांभाळणारे शब्बीरभाई लांबून धावत आले.

"अहो साहेब, तीन आठवड्यांची तहान बुडवलीत तुम्ही!"

साहेबांनी सॉरी म्हटलं. कुंडीला!

*

शब्बीरभाईंचं शेतातलं रूप आणखी वेगळं. परागीकरण आपल्याला हवं तसंच व्हावं म्हणून आम्ही कणसांवर कागदी पिशव्या चढवतो. कुंपणापलीकडून मॉर्निंग वॉकचे एक आजोबा रोज बघायचे. एक दिवस राहवलं नाही.

"काय हो, थंडी वाजते का त्यांना?"

"नाही आजोबा, लग्न ठरलंय. आता स्थळं बघणं बंद!"

आजोबांनी गंभीरपणे मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून कणसांकडे न बघता चालायला लागले.

*

माझी मैत्रीण संघमित्रा. आमची टेबलं शेजारी, डबा एक. तिचं एक वाण सगळ्यांत पुढे होतं. पाणी कमी, दाणे टपोरे, आलेख बघत राहावे असे. पण मॅडमचा नियम: भाकरी झाल्याशिवाय वाण पास नाही. त्यासाठी संघमित्राची आई यायची. लॅबमध्ये शेगडी, परात, आणि आम्ही सगळे वह्या घेऊन गोल उभे.

काकूंनी पीठ मळलं. थापलं. पुन्हा मळलं. पुन्हा थापलं. कडा फाटत चालल्या. मग हात झटकून लेकीला म्हणाल्या, "मित्रा, ह्याची भाकरी नाही होत गं. नकाशा होतो."

दोन वर्षांचं काम! संघमित्रा रडकुंडीला आली. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "लिहा. नापास. परीक्षक, आई."

काकू जाताना लेकीच्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. डोक्याला पीठ लागलं. दिवसभर तिनं ते झटकलं नाही. तो वास अजून नाकात आहे माझ्या, भाजलेल्या पिठाचा आणि ओल्या कुंड्यांचा.

*

माझं डोहाळजेवण लॅबमध्येच झालं. संघमित्रानं माझ्या गळ्यात बियाण्याच्या पाकिटाचं लेबल अडकवलं. पेरणी अमुक, कापणी अपेक्षित तमुक. खाली शब्बीरभाईंनी स्वतः शेरा लिहिलेला: 'ताईंना पाणी भरपूर द्यावे.'

सगळे हसले. मी घरी येऊन रडले. तेव्हा कशानंही रडू यायचं.

*

आता ती कबुली.

सातवा महिना, रविवार, वजनाची पाळी माझी. ग्रीनहाऊसमध्ये मी एकटी. सगळ्या कुंड्या माना टाकून होत्या. सतरा नंबरची पानं सुरळी होऊन वळलेली. मी तिचं वजन लिहिलं आणि नेमकी पोटात लेकीनं लाथ मारली. पुढचं काय सांगू! माझ्या बाटलीतलं अर्धं पाणी सतरा नंबरला. पाटी समोरच होती. साहेबांना हसणारी मीच होते.

कोणाला बोलले नाही. आठवड्याभरात डॉक्टरांनी आडवं पडायला सांगितलं आणि रजा सुरू झाली. मग एकदा संघमित्राचा फोन आला, "सतरा नंबर अजून हिरवी आहे बरं का!" त्या दिवसापासून माझी झोप गेली. कोणी विचारलं तर नाव लेकीचं पुढे करते. माझ्या अर्ध्या बाटलीवर कोणी दुष्काळात टिकणारं वाण जाहीर केलं तर? कोणी ते शेतात पेरलं तर? अशा बाईनं परत कुठल्या तोंडानं जायचं?

काल लेकीला कडेवर घेऊन लॅब गाठली. सगळं एका दमात सांगितलं. राजीनामा पर्समध्ये होता.

मॅडमनी ऐकलं. उठल्या, जुनं रजिस्टर काढलं, माझ्यापुढे सरकवलं. त्या रविवारच्या खालची ओळ, त्यांच्याच अक्षरात:

'सोमवार. कुंडी १७. वजन वाढले. कारण: बंद ग्रीनहाऊसमध्ये पाऊस. प्रयोगातून वगळली.'

"अगं, आपण वजन करतो," त्या म्हणाल्या. "रोज."

मग लेकीला माझ्याकडून घेऊन त्या खिडकीपाशी गेल्या. तिथे सतरा नंबर होती. कापून खोडवा ठेवलेला, बुंध्यापासून पुन्हा फुटून गुडघ्याएवढी झालेली, हिरवीगार. लेकीनं थेट पानालाच हात घातला. कुंडीत एक कार्ड खोचलेलं होतं.

'रोज पाणी घालावे. जबाबदारी: मृणाल, रजेवरून आल्यावर.'

शाई उन्हानं पार फिकी पडली होती.