खासगी बाजारातली हातांची बोली

गेल्या महिन्यात ग्वाल्हेरच्या खासगी बाजार भागातल्या आमच्या गल्लीत लक्ष्मीकांत नावाचे नवे भाडेकरू आले. बँकेत बदली होऊन इंदूरहून आलेले. काही दिवस येता-जाता गल्ली न्याहाळून एकदा ते संकोचत मला म्हणाले, "सीमंतिनीताई, राग मानू नका, पण इथे इतक्या लोकांना ऐकू कसं येत नाही?"

त्यांनी कचोरीवाल्याला वरच्या मजल्यावरच्या बाईशी हातांनी बोलताना पाहिलं होतं. रिक्षावाला आणि मेडिकलवाला तर रस्त्याच्या दोन बाजूंना उभे राहून, मधून वरात जात असताना, हातवारे करत पोट धरून हसत होते.

मी म्हटलं, "ऐकू न येणारी मुलगी एकच आहे. बाकी आम्ही सगळे सुभेदारांचे शिष्य."

सुभेदार म्हणजे जयसिंहराव मोहिते. यांचे पूर्वज दख्खनेतून शिपाईगिरी करत इकडे आले आणि इथलेच झाले. जयसिंहराव तोफखान्यात होते. कारगिलच्या लढाईत द्रासच्या बाजूला त्यांची तोफ दिवसरात्र चालली. ते धडधाकट परतले, पण डावा कान कायमचा गेला होता आणि उजव्याला यंत्र लावलं तर जेमतेम ऐकू यायचं. उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचा माणूस. निवृत्त होऊन घरी आले तेव्हा फारसं कुणाशी बोलायचे नाहीत.

मग नात झाली, उन्नती. दोन वर्षांची होत आली तरी हाकेला वळून बघेना. विक्रमसिंह आणि गरिमा, म्हणजे मुलगा आणि सून, तिला घेऊन दिल्लीपर्यंत जाऊन आले. डॉक्टरांनी सांगितलं, कानातली नसच तयार झालेली नाही, ऑपरेशन करून यंत्र बसवलं तरी उपयोग व्हायचा नाही. घरात सुतक असल्यासारखं झालं. नातेवाईक येऊन देवदेवस्कीचे उपाय सांगून जायचे. उषाताई, सुभेदारांच्या पत्नी, मिळेल तो उपास करायच्या.

अशात एका सकाळी सुभेदार तूरडाळ आणायला दाल बाजारात गेले. ट्रकांचे भोंगे, हमालांची आरडाओरड, कानाशी तोंड नेऊनही बोलणं कळू नये असा गोंगाट. त्यात एका घाऊक दुकानात माल बांधणारा तरुण रस्त्यापलीकडच्या मित्राशी हातांनी बोलत होता. दोघेही जन्मापासून बहिरे. बोटं अशी भराभर चालत होती, मध्येच भुवया उडत होत्या, मध्येच हसू फुटत होतं. सुभेदार डाळ विसरून बघत राहिले.

घरी आले ते थेट आमच्या दारात. इतकी वर्षं शेजारी राहून हा माणूस माझ्याशी एवढं कधी बोलला नव्हता.

"सीमंतिनी, तोफेवर आम्ही हातानंच बोलायचो. तिथं तोंडाचा उपयोगच नव्हता. गोळा भर, थांब, डाग, सगळं हातानं. ही भाषा मला अर्धी येते की! आता पूर्ण शिकतो."

त्या तरुणाचं नाव अपूर्व. दुकान बंद झालं की सुभेदार त्याच्यासमोर विद्यार्थी होऊन बसायचे. साठीला टेकलेला माणूस, बोटं तोफेच्या लोखंडानं राठ झालेली. एकेक खूण वळायला त्रास व्हायचा. अपूर्व चुकीला हसायचा आणि सुभेदार पुन्हा करायचे.

विक्रमसिंहाला हे पटलं नाही. "आबासाहेब, ये इशारे सिखाओगे तो वो बोलना कभी नहीं सीखेगी," तो चिडून म्हणाला. घरात मराठी असली तरी राग आला की तो हिंदीवरच जायचा.

सुभेदार शांतपणे म्हणाले, "तिला आपली भाषा शिकायला वाटच नाही, विक्रम. मग आपण तिची शिकायची. आपण मोठे आहोत ना?"

त्या दिवसापासून त्यांच्या घरी रात्रीच्या जेवणाला तोंडानं बोलायची बंदी झाली. मीठ हवं असेल तर हातानं मागा, नाहीतर अळणी खा. पहिले काही दिवस विक्रमसिंह अळणी जेवला. मग एकदा उन्नतीनं त्याच्या हाताला धरून मिठाची खूण करून दाखवली. पोर तीन वर्षांची. तो पानावरून उठला, मोरीत जाऊन तोंड धुऊन आला आणि दुसऱ्या दिवसापासून वडिलांच्या शेजारी बसून शिकू लागला.

उन्नती सहा वर्षांची असताना मेळ्यात हरवली. ग्वाल्हेरचा मेळा, थंडीतली गर्दी. गरिमाचा हात सुटला आणि पोर दिसेनाशी झाली. माइकवरून तिचं नाव पुकारत होते आणि ते नाव तिला ऐकूच येणार नव्हतं. ती एका खेळण्यांच्या दुकानापाशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला खुणांनी सांगत होती, मी हरवले आहे, माझे आजोबा मिशीवाले आहेत. लोकांना वाटलं, मुलगी खेळतेय. अंधार पडायला आला तेव्हा सुभेदारांनाच ती सापडली.

दुसऱ्या दिवशी ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून गल्लीत निघाले. प्रत्येक दुकानात, प्रत्येक घरात गेले. विनंती केली की हुकूम दिला, मला आजही सांगता येणार नाही. "माझी नात एकटी सापडली, तर तिची गोष्ट तुम्हाला कळली पाहिजे. एवढं शिका. मी रोज येईन."

आणि ते रोज यायचे. कचोरीवाल्याला कढईपाशी गाठायचे, रिक्षावाल्याला थांब्यावर. कान्होजी नावाचा म्हातारा शिंपी कुरकुरला, "इस उमर में?" सुभेदारांनी त्याच्यापुढे स्वतःचे राठ हात धरले. कान्होजी शिकला. उन्नतीनं प्रत्येकाला खुणेचं नाव दिलं. मी पदरानं चष्मा पुसते म्हणून माझं नाव पदराचं टोक चोळणं. आजोबांचं नाव मिशीला पीळ.

पण मी सर्वांत थक्क झाले ते दर्पण कॉलनीत. तिथं दौलतसिंह म्हणून एक निवृत्त नाईक राहायचे, तेही तोफखान्यातलेच. कान पूर्ण गेलेले. लग्नकार्यात कोपऱ्यात बसून उगाच मान हलवायचे, पुढे तेही सोडलं. घराबाहेर पडणं बंद, बायकोशी बोलणं बंद. सुभेदार सायकलवरून तिथं जाऊ लागले. दौलतसिंहांनी आधी दारच उघडलं नाही. हे पायरीवर बसून राहायचे आणि परत यायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा. दार उघडल्यावर शिकवणी सुरू झाली. दौलतसिंहांची आणि त्यांच्या पत्नीची, विजयाबाईंची, एकत्रच.

एकदा मीही सोबत गेले होते. विजयाबाई चहा ठेवून टेकल्या. दौलतसिंहांनी त्यांच्याकडे पाहिलं, हात उचलले आणि अडखळत विचारलं, "थकलीस का?"

विजयाबाईंनी पदर तोंडाला लावला. "इतक्या वर्षांनी यांनी मला काही विचारलं हो," एवढंच त्या म्हणू शकल्या. त्यानंतर आसपासचे कितीतरी जुने फौजी, ऐकू येत नाही हे लपवून जगणारे, रविवारी सुभेदारांच्या गच्चीवर बायकांना घेऊन यायला लागले.

गेल्या पावसाळ्यानंतर सुभेदारांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा नर्स जोरजोरात विचारत होती, कुठे दुखतंय, आणि ते नुसते बघत होते. उन्नती पुढे झाली. आता ती नववीत होती. तिनं आजोबांचा डावा हात चादरीबाहेर काढून मोकळा केला. त्या हातानं, लहान मूल गिरवतं तशी, एक मोडकी खूण केली. पाणी.

मग आमच्याकडे बघून त्यांनी खुणेनं विचारलं, "घरी जेवलात का?"

कचोरीवाला दारातच उभा होता. तो हातांनीच म्हणाला, "जेवलो, साहेब." नर्स आमच्याकडे बघतच राहिली. जी भाषा त्यांनी नातीसाठी घरोघर पोचवली, ती बोलायला आता त्यांच्या खाटेभोवती रोज कुणी ना कुणी यायचं. डाव्या हातानं ते गप्पा मारायचे, चिडवायचे, दौलतसिंहांच्या चुकाही काढायचे. डॉक्टरांनी वाचा गेली असं लिहिलं होतं. मला तर ते तेव्हा पूर्वीपेक्षा जास्त बोलके वाटले.

थंडी सरता सरता ते गेले. तेराव्याला लोक एकेक करून आठवणी सांगत होते, तेव्हा उषाताई उठल्या. त्यांना स्वयंपाकघरापुरत्याच खुणा यायच्या आणि चारचौघांत हात उचलायला त्या लाजायच्या. त्या उन्नतीसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि खुणांनी सांगू लागल्या. जिथं अडत होतं तिथं गरिमा मदत करत होती.

"लढाईवरून आले, तेव्हा वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं, रागावलेत. मी रात्री रडायचे. यांना माझं बोलणं ऐकूच येत नव्हतं, आणि ते सांगायची लाज वाटत होती."

एक खूण चुकली. उन्नतीनं डोळे पुसून आजीचा अंगठा नीट वळवून दिला. उषाताईंनी तेवढी खूण पुन्हा केली आणि पुढे गेल्या.

"तू झालीस, मग त्यांची लाज गेली."

पन्नासेक माणसं बसली होती. कचोरीवाला होता, रिक्षावाला होता, कान्होजी होता, दाल बाजारातून अपूर्व आला होता. उषाताईंनी काय सांगितलं, हे कुणाला विचारावं लागलं नाही.