फेरविचाराचा अर्ज

अल्काबाई गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती. नऊ वर्षं तिनं तिथं खिचडी शिजवली, पोरांची नाकं पुसली, रडणाऱ्याला कडेवर घेऊन फिरवलं. २००३ साली तिच्या आईला लकवा मारला. अकरा दिवस अल्का दवाखान्यात तिच्याजवळ होती. तोंडी निरोप धाडला होता, कागद दिला नव्हता. परत आली तेव्हा तिच्या जागी दुसरीच बाई पोरांना वाढत होती.

तालुक्याच्या ऑफिसातला बाबू म्हणाला, "फेरविचाराचा अर्ज करा."

घरी येऊन तिनं दहावीतल्या मुलीला विचारलं, "रचना, फेरविचार म्हणजे काय वो?"

"एकदा ठरवलं ते पुन्हा पाहणं. चुकलं असन तं बदलवणं."

"मंग बदलवतीनच. चूक तं त्यायचीच आहे."

रचनानं अर्ज लिहिला, अल्कानं अडखळत सही केली. तो शब्द मात्र घरातच राहिला. बाजारात वांगी घेताना अल्का म्हणायची, "भावाचा फेरविचार कर गा." नवरा शालिकराम राइस मिलमध्ये हमाल. तो ताटावरून उठायला लागला की रचना विचारायची, "बाबा, भाताचा फेरविचार करता का?" तिघंही हसायचे.

ऑफिसातून उत्तर येत नव्हतं. अल्का दर दोन महिन्यांनी जायची. फाईल वर गेली आहे, एवढंच कळायचं.

रचना बारावी झाली तेव्हा गोंदियाजवळच्या कुडव्याचं स्थळ आलं. मुलगा संघदीप, मोबाइल दुरुस्तीचं दुकान. अल्कानं तिथल्या तिथं होकार दिला.

रचना म्हणाली, "मले नर्सिंग करायचं आहे. आई, फेरविचार कर ना."

"माह्या हातचं काम गेलं. अशी सोयरीक पुन्हा कोण आणून देईन?"

लग्न झालं. दीड वर्षानं रचना एका थैलीत कपडे घेऊन आली. कानामागं काळंनिळं झालं होतं. संघदीपचं दुकान चालत नव्हतं, तो पिऊन मारत होता.

शालिकराम म्हणाला, "राहू दे तिले इथंच."

अल्का ऐकेना. "आज ठेवली तं जन्मभर ठेवा लागन. सगळ्याच घरी होते असं."

चौथ्या दिवशी तिनंच रचनाला बसमध्ये बसवलं. बस सुटेपर्यंत रचना खिडकीतून तिच्याकडे पाहत होती.

२००९ च्या उन्हाळ्यात ऑफिसचं पत्र आलं. शालिकरामनं वाचून दाखवलं. फेरविचार करण्यास सबळ कारण दिसून येत नाही. सहा वर्षांनी एक ओळ.

"मले एका शब्दानं इचारलं नाही," अल्का म्हणाली. "आई वाचली का मेली, तेही नाही." पत्राची घडी घालत ती म्हणाली, "मी तरी पोरीले कुठं इचारलं?"

दुसऱ्या दिवशी ती कुडव्याला गेली. दाराशी रचनाची लहान मुलगी खेळत होती. रचनाच्या कडेवर आणखी एक. रचनानं पाणी दिलं, चहा केला, पण बसली नाही.

"चाल घरी. दोघायलेही घे. मी चुकली, बाई."

रचना कपबशी विसळत राहिली. "आता कुठं येऊ?"

"माह्या जवळ."

"तेव्हा आली होती ना मी." आवाज चढला नव्हता. "आता सवय झाली. ते यायच्या आधी तू निंघ. तुले पाहून चिडतीन."

अल्का गोंदियाच्या बसस्टँडवर आली. गावची पहिली बस तिनं जाऊ दिली, दुसरीही. रचना मागून येईल असं तिला वाटत होतं. शेवटच्या बसनं ती एकटीच परतली.

आता ती दुसऱ्यांच्या बांधीत भाताच्या रोवणीला जाते. रचना दिवाळीला दोन दिवस येते, भांडी घासते, आईचे पाय चेपून देते. अल्का विचारते, "कशी आहेस वो?"

"बरी आहो," रचना म्हणते, आणि पोरांच्या अंगात स्वेटर चढवायला लागते.